फिर्याद हायकोर्टात का बाद होते?

आपल्या वस्त्यांत दोन तऱ्हेची माणसे आम्हाला भेटतात. एकावर खोटी केस झालेली, दुसऱ्याची खरी फिर्याद हायकोर्टात बाद झालेली. पहिल्याला वाचवणारे आणि दुसऱ्याला नडणारे कलम मात्र एकच. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ आहे. न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग होत असेल तर हायकोर्टाला खटला थांबवता येतो.

पण केव्हा? हरियाणाच्या भजनलाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९० साली सात प्रसंग सांगितले. फिर्याद जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा बनत नसेल, किंवा केवळ सूडापोटी केस घातली असेल, तर ती रद्द होते. हा अधिकार क्वचितच वापरावा, असेही तेथेच बजावले आहे.

आम्हाला काळजी अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादींची. जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. उत्तराखंडच्या एका प्रकरणात शिवीगाळ घराच्या चार भिंतींआड झाली होती, बाहेरचे कोणी हजर असल्याचे फिर्यादीत नव्हते. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने अ‍ॅट्रॉसिटीचे कलम रद्द केले. (बाकी कलमांचा खटला राहिला.)

ठाणे अंमलदार घाईत चार ओळी खरडतो आणि रागाच्या भरात आपण सही करून मोकळे होतो. तेव्हा जागा कोणती, कोण कोण हजर होते, नेमके शब्द काय, हे घडले तसे लिहवून घ्या. वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.