टेंगवार : एका कल्पित लिपीची अक्षरे

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डला इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबरीतील एल्फ नामक अमर लोकांच्या भाषा आणि ‘टेंगवार’ लिपी ही त्यांचीच निर्मिती.

या लिपीत मुख्य अक्षरे चोवीस. प्रत्येकात एक दांडा आणि एक कमान. ‘त’ची कमान दुहेरी केली की ‘द’, ‘प’ची केली की ‘ब’. ‘प’चा दांडा वर उचलला की इंग्रजी ‘फॅन’मधला ‘फ’. स्वर बहुधा व्यंजनाच्या डोक्यावर खुणांनी दाखवितात, आपल्या मात्रांसारखे. रोमन लिपीतील ‘सी’ नेहमी ‘क’ उच्चारायचा. म्हणून नाव ‘सेलेबोर्न’ नव्हे, ‘केलेबोर्न’.

म्हणजे येथे अक्षराचा आकारच उच्चार सांगतो. आपल्या वर्णमालेत हेच काम क्रम करतो : ‘क’वर्ग कंठातून, ‘प’वर्ग ओठांतून, तिसरे अक्षर घोष, पाचवे अनुनासिक. शाळेत आम्ही ती तालावर घोकली. त्यामागील शास्त्र मला या कल्पित लिपीमुळे उमगले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आईला अक्षरओळख नाही. सध्या तिला शिकविताना ‘प, ब, म’ म्हणत ओठांवर बोट ठेवायला सांगतो. ओठ तिचेच, मग अक्षर परके कसे राहील?