नारायण शेणवी

नारायण शेणवी हे सतराव्या शतकात मुंबईकर इंग्रजांचे दुभाषी व वकील होते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव ‘नारण सिनाय’ असे आढळते.

पार्श्वभूमी

इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. त्यामुळे १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली. या लुटीची भरपाई आणि मराठी मुलुखात व्यापाराची मोकळीक हे पुढील वाटाघाटींचे मुख्य विषय ठरले.

रायगडावरील कामगिरी

१६७४ च्या वसंतात शेणवी रायगडावर बोलणी करत होते. ४ एप्रिलच्या पत्रात त्यांनी राज्याभिषेकाच्या तयारीची वार्ता मुंबईस कळवली. मे महिन्यात इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला, तेव्हा शेणवी त्याच्यासोबत होते. ६ जून रोजी सिंहासनासमोर नजराण्याची हिऱ्याची अंगठी त्यांनीच उंच धरली. ती पाहून महाराजांनी दोघांना सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावले.

तह

भरपाईपोटी दहा हजार होन देण्याचे ठरले. वादळाने किनाऱ्याला लागलेली जहाजे परत देण्याच्या कलमाला मात्र महाराजांनी हरकत घेतली. असे करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध असून फ्रेंच व डच हेही तीच सवलत मागतील, असे त्यांचे म्हणणे होते. १२ जून रोजी तह झाला.

महत्त्व

राज्याभिषेकाच्या समकालीन परकीय वृत्तांतांत ऑक्झिंडेनची रोजनिशी महत्त्वाची मानली जाते. मराठी दरबार आणि इंग्रज यांच्यातील बोलणे शेणवींसारख्या दुभाष्यांमार्फत होत असे; त्यामुळे तिच्यामागे त्यांचेही श्रम आहेत.