उजेडाला पडदा

(आरपार दिसणाऱ्या काचेवर चित्र उमटवणारे चष्मे आता तयार होऊ लागले आहेत. मात्र उन्हात गेले की त्यांतील चित्र फिके पडते. असे का होते आणि त्यावर कोणते उपाय केले जातात, हे या पाठात ओळखीच्या उदाहरणांनी सांगितले आहे.)

तुमच्यापैकी पुष्कळांनी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजेच औरंगाबादचा, बीबी का मकबरा पाहिला असेल. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर तेथे आहे. ही सतराव्या शतकातील इमारत आहे. तिचा पांढरा घुमट आणि चार मिनार सर्वांच्या लक्षात राहतात. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा तेथील संगमरवरी जाळ्यांकडेही जरा नीट पहा.

दुपारच्या उन्हात बागेत उभे राहून जाळीकडे पाहिले, तर आतले काही दिसत नाही. जाळीची भोके काळी दिसतात. आत जाऊन त्याच जाळीतून बाहेर पाहिले, तर बाग, हिरवळ, चालणारी माणसे, सारे काही स्पष्ट दिसते. जाळी तीच, भोकेही तीच. मग हा फरक कशामुळे पडतो?

याचे उत्तर तुमच्या घरीही सापडेल. खिडकीला किंवा दाराला चिकाचा पडदा असतो. उर्दूत त्याला चिलमन म्हणतात. दिवसा घरातली माणसे पडद्यातून रस्ता पाहू शकतात, पण रस्त्यावरच्या माणसाला घरातले दिसत नाही. रात्री घरात दिवा लावला की उलट होते. आता रस्त्यावरच्या माणसाला घरातले दिसते आणि घरातल्यांना बाहेर नुसता काळोख दिसतो. म्हणून रात्री दिवा लावण्यापूर्वी घरातील मोठी माणसे जाड पडदा ओढून घेतात. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते. ज्या बाजूला उजेड कमी, ती लपते. जाळीचा आणि चिलमनचा हा साधा नियम आहे.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका थोर शास्त्रज्ञाने या गोष्टीचा बारकाईने विचार केला होता. त्याचे नाव इब्नुल हैसम. त्याचा जन्म बसरा येथे झाला आणि पुढे तो काहिरा शहरात राहिला. 'किताबुल मनाझिर' हा त्याचा प्रकाशावरील ग्रंथ जगभर प्रसिद्ध आहे. तारे रात्री दिसतात आणि दिवसा दिसत नाहीत, याचाही त्याने विचार केला. तारे दिवसा कोठे जात नाहीत. ते आकाशातच असतात. पण दिवसा आकाशाचा उजेड इतका जास्त असतो की ताऱ्यांचा मंद उजेड त्यात हरवून जातो. मोठ्या उजेडापुढे लहान उजेड दिसत नाही.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. आता आपण चष्म्याकडे वळू.

आरपार दिसणाऱ्या या चष्म्याला इंग्रजी नावावरून 'एआर चष्मा' म्हणतात. तो घातल्यावर समोरचे खरे जग दिसतेच, शिवाय त्या जगावर काढल्यासारखी चित्रे आणि अक्षरेही दिसतात. समजा, एक कामगार यंत्र दुरुस्त करीत आहे. कोणता स्क्रू आधी सोडवायचा, हे सांगणारा बाण त्याला थेट यंत्रावरच दिसतो. त्याला पुस्तक उघडावे लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. अशा साधनाचा पहिला नमुना आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1968 साली दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. आजचे चष्मे मात्र डोक्यावर सहज बसतात.

हे चित्र काचेत दिसते कसे? तुम्ही स्वतः करून पहा. एक साधा, स्वच्छ प्लास्टिकचा पारदर्शक कागद घ्या. टेबलावर मोबाइल आडवा ठेवा आणि त्याचा पडदा पूर्ण उजळ करा. प्लास्टिकचा कागद मोबाइलच्या वर तिरपा धरा आणि समोरून त्यात पहा. मोबाइलमधले चित्र कागदात तरंगताना दिसेल आणि कागदामागची भिंतही दिसेल. चष्म्यातली काच याच प्रकारचे काम अधिक सफाईने करते. ती बाहेरचा उजेड डोळ्यांपर्यंत येऊ देते आणि त्यात चित्राचा उजेड मिसळते.

आता याच प्रयोगात दोन गोष्टी तपासा. मोबाइलवर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर उघडा. कागदात पांढरे पान उजळलेले दिसेल, पण काळ्या अक्षरांच्या जागी मागची भिंतच दिसेल. काळा रंग म्हणजे उजेड नसणे. जेथे उजेड नाही, तेथे काच फक्त आरपार दिसते. म्हणून अशा चष्म्यात काळ्या केसांचा माणूस दाखवला, तर त्याच्या केसांतून मागची भिंत दिसते! चित्राची सावलीही पाडता येत नाही. हा चष्मा उजेड वाढवू शकतो, पण उजेड कमी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट. हाच प्रयोग खोलीतून बाहेर नेऊन उन्हात करा. चित्र जवळजवळ नाहीसे होईल. त्याचे गणित सोपे आहे. समजा, चष्म्यातल्या अक्षराचा उजेड 100 भाग आहे आणि खोलीतल्या भिंतीचा उजेड 20 भाग आहे. अक्षर जेथे आहे, तेथे दोन्ही मिळून 120 भाग होतात. भिंतीचे 20 आणि अक्षराचे 120, म्हणजे अक्षर सहापट उजळ दिसते. ते सहज वाचता येते. आता उन्हात या. उन्हातली भिंत 5000 भाग उजेड पाठवते. अक्षराच्या जागी 5100 भाग होतात. 5000 आणि 5100 यांतला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. अक्षर तेथेच आहे, पण दिवसाच्या ताऱ्यासारखे हरवले आहे.

हा फरक खरोखरच फार मोठा असतो. उजेड 'लक्स' या एककात मोजतात. दिवा लावलेल्या खोलीत साधारणपणे काहीशे लक्स उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे 1,00,000 लक्सपर्यंत जातो. तेवढ्या उन्हाशी स्पर्धा करायची, तर चष्म्यातील दिवा फार प्रखर करावा लागेल. मग बॅटरी लवकर संपेल आणि चष्मा तापेल. म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला. आतला उजेड वाढवण्याऐवजी बाहेरचा उजेड अडवायचा.

वरचे गणित पुन्हा करू. बाहेरच्या उजेडाचा फक्त शंभरावा भाग आत येऊ दिला, तर 5000 चे 50 भाग उरतात. अक्षराच्या जागी 150 होतात. अक्षर तिप्पट उजळ दिसते. मात्र येथे एक अट आहे. गडद काच चित्राच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला हवी. ती चित्र आणि डोळा यांच्यामध्ये बसवली, तर चित्रही तितकेच फिके होईल. ऊन अडवायचे आहे, चित्र नव्हे.

उजेड अडवण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे कायमची गडद काच. ती स्वस्त आणि सोपी असते. पण ती घालून उन्हातून जिन्यात शिरले, की पायऱ्या दिसत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी काच. असे चष्मे तुम्ही पाहिले असतील. या काचेत चांदीच्या संयुगाचे अतिशय सूक्ष्म कण मिसळलेले असतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यांत बदल होतो आणि काच गडद होते. सावलीत गेल्यावर ती पुन्हा स्वच्छ होते. हिला बॅटरी लागत नाही. पण स्वच्छ व्हायला तिला काही मिनिटे लागतात. शिवाय उष्णतेत ती कमी गडद होते. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात ऊन कडक असते आणि हवाही तापलेली असते. नेमकी तेव्हाच ही काच कमी पडते.

तिसरा प्रकार विजेवर चालतो. तो समजून घ्यायचा तर वाळूज किंवा चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या वेल्डरला विचारा. वेल्डिंगची ठिणगी डोळ्यांना इजा करते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते. म्हणून वेल्डर तोंडापुढे गडद काचेचा मुखवटा धरतो. पण जुन्या मुखवट्यातून ठिणगी पडण्यापूर्वी काहीच दिसत नाही. जोड नेमका कोठे आहे, ते पाहायला मुखवटा वर करावा लागतो आणि मग घाईने खाली घ्यावा लागतो. तेवढ्यात चूक झाली तर डोळ्यांना इजा होते.

नव्या मुखवट्यात ही अडचण नाही. त्याची काच आधी बरीच स्वच्छ असते. ठिणगी पडताच सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात ती गडद होते. तिच्यात द्रवस्फटिक नावाचा पदार्थ असतो. हाच पदार्थ कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो. दोन खास पट्ट्यांच्या मध्ये तो भरलेला असतो. वीज दिली की त्याच्या कणांची रचना बदलते आणि उजेडाची वाट बंद होते.

एआर चष्म्यातही हीच युक्ती वापरतात. 2022 साली आलेल्या मॅजिक लीप 2 या चष्म्यात असा पडदा आहे. तो उघडा असताना बाहेरच्या उजेडाच्या 100 भागांपैकी सुमारे 22 भाग डोळ्यांपर्यंत येतात. पडदा पूर्ण गडद केला, की एक भागही पोहोचत नाही. शिवाय सगळी काच गडद न करता, जेथे चित्र आहे तेवढाच भाग त्याला गडद करता येतो. त्यामुळे केसांतून भिंत दिसण्याचा दोष बराच कमी होतो.

पण बराच कमी होतो, पूर्ण नाही. का, तेही जाळीच सांगेल. दहा पावलांवरून पाहिले तर जाळीची नक्षी रेखीव दिसते. डोळा अगदी जाळीला लावला की नक्षी पुसट होते आणि पलीकडची बाग दिसते. डोळ्याच्या फार जवळची वस्तू आपल्याला रेखीव दिसत नाही. चष्म्यातला गडद ठिपकाही डोळ्याच्या अगदी जवळ असतो. म्हणून त्याच्या कडा धुरकट होतात आणि चित्राभोवती अंधुक वलय दिसते. हे वलय काढण्यासाठी जास्तीची भिंगे लावावी लागतात. मग चष्मा जाड आणि जड होतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बॅटरी अचानक संपली, तर काच कशी राहावी, स्वच्छ की गडद? जालना रोडवरून चालणाऱ्या माणसाची काच अचानक गडद झाली, तर त्याला येणारी रिक्षा दिसणार नाही. त्याची काच स्वच्छच व्हायला हवी. वेल्डरची काच मात्र ठिणगीसमोर स्वच्छ झाली, तर त्याचे डोळे धोक्यात येतील. म्हणून चांगल्या मुखवट्यात अतिनील किरण अडवणारा वेगळा थर असतो. वीज असो वा नसो, तो आपले काम करतोच. यंत्र चालू असताना ते काय करते, एवढे पाहून भागत नाही. बंद पडल्यावर ते माणसाचे काय करील, हेही आधी ठरवावे लागते. आणि लक्षात ठेवा, कोणताही एआर चष्मा घालून सूर्याकडे पाहू नये. तो त्यासाठी बनवलेला नसतो.

मकबऱ्यातील जाळी कोरणाऱ्या कारागिरांना वीज ठाऊक नव्हती. तरी किती ऊन आत यावे, किती बाहेर राहावे आणि आतल्या माणसाला बाहेरचे कसे दिसावे, हे त्यांनी छिन्नीने दगडात ठरवून ठेवले. आज शास्त्रज्ञ काचेत तेच ठरवू पाहत आहेत. पुढच्या वेळी मकबऱ्यात गेलात, की जाळीपासून दहा पावले दूर उभे राहा. मग हळूहळू जवळ या आणि डोळा जाळीला लावा. नक्षी कोठे पुसट झाली आणि बाग कोठे दिसू लागली, ते पहा.

शब्दार्थ

पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे, शफ्फाफ
प्रखर – खूप तेजस्वी
पुसट – अस्पष्ट
द्रवस्फटिक – द्रवासारखा वाहणारा, पण कणांची ठरावीक रचना असलेला पदार्थ
वलय – भोवतालचे गोल कडे

स्वाध्याय

1. रात्री दिवा लावण्यापूर्वी जाड पडदा का ओढतात?
2. एआर चष्म्यात काळा रंग का दाखवता येत नाही?
3. बाहेरचा उजेड 2000 भाग आणि चित्राचा उजेड 100 भाग आहे. बाहेरच्या उजेडाचा विसावा भाग आत येऊ दिला, तर चित्र भिंतीच्या किती पट उजळ दिसेल?
4. तुमच्या ओळखीच्या वेल्डरला भेटा. तो डोळ्यांची काळजी कशी घेतो, ते विचारून मराठीत दहा ओळी लिहा.