स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शिकायला पैसे लागत नाहीत

केदारखेडा (ता. भोकरदन) : गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर घेतली गेली, खोटे दाखले पकडता यावेत म्हणून. ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. एकदा चढवला की त्यातली चूक सहसा दुरुस्त होत नाही, म्हणून आधी चाचणी.

गावातल्या पोरांनी ब्राउझरमध्ये ‘रीमिक्स’ उघडावं. काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. मोबाईलवरही दिसतं, पण टायपिंगला लॅपटॉपच बरा. सॉलिडिटी भाषेत कोड लिहा, कंपाईल करा, ‘रीमिक्स व्हीएम’ निवडून डिप्लॉय करा. तिथलं इथर नुसतं सरावाचं, बुडालं तरी खिशातलं काही जात नाही.

हात बसला की मेटामास्क वॉलेट घेऊन ‘सेपोलिया’ या चाचणी नेटवर्कवर जा. तिथलं इथरही फुकटच मिळतं, कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. वॉलेटचे १२ गुप्त शब्द वहीत लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाच पाठवू नका, शिकवणाऱ्या सरांनाही नाही.