समुद्र मागे सरला, चला!

दोस्तांनो, ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलायत ना? फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याजवळही असंच एक खडकाळ बेट आहे, माँ सँ मिशेल. माथ्यावर जुना ख्रिस्ती मठ.

रेनला शिकत असताना वसंताच्या सुट्टीत आम्ही चार विद्यार्थी तिथे निघालो. समोरच्या किनाऱ्यावरून वाळूतनं सहा-सात किलोमीटर चालायचं. सेनेगलचा मित्र म्हणाला, "वाटाड्या कशाला? बेट तर समोर दिसतंय! पैसे वाचतील." पण ब्रिटनीतल्या मच्छीमाराची मुलगी आमच्यात होती. ती म्हणाली, "मग मी येत नाही."

तिचं बरोबर होतं. अलिबागला भरती-ओहोटीत फार तर पाचेक मीटरचा फरक. इथे मोठ्या उधाणाला १४ मीटर, म्हणजे चार मजली इमारतच! आखात उथळ नि आत निमुळतं, मग पाणी जाणार कुठे? वरच चढणार. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, उधाणं सर्वांत जोरदार.

मध्यावर वाटाड्या थांबला आणि ओली वाळू पायांनी तुडवू लागला. जमीन खरवसासारखी थरथरली, की तो गुडघाभर आत! "ही वाळू माणसाला गिळत नाही," तो म्हणाला, "आपलं अंग तिच्याहून हलकं असतं. पण अडकलात आणि भरती आली तर?" मागे रेलायचं, पाय हळूहळू हलवत एकेक सोडवायचा. घाईनं ओढलात तर अधिकच रुततो, बरं का! सेनेगलच्या मित्रानं करून पाहिलं. आम्ही हसलो, पाय निघेना तेव्हा गप्प झालो. निघाला एकदाचा!

बेटावरचं आमलेट प्रसिद्ध, पण विद्यार्थ्यांच्या खिशाला कुठलं परवडायला! तटावर बसून पाव नि चीज खाल्लं, आणि २०१४ साली खुल्या झालेल्या पुलावरून, कोरड्या पायांनी, परतलो.