हवालदारांचं कडवं

फौजेतून निवृत्त झालेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा राहतो. प्रत्यक्षात १५ वर्षांची नोकरी झाली की जवानाला पेन्शन लागू होते, आणि गावी परततो तेव्हा तो बहुधा पस्तिशी-चाळिशीतला असतो. अर्धं आयुष्य पुढं पडलेलं. अशांपैकी पुष्कळांना आम्ही बँकवाले ओळखतो, कारण दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन बसलेला गार्ड बहुधा माजी सैनिकच असतो. माझी नोकरी नांदेड-लातूरकडच्या शाखांतून झाली. तिथल्या गार्डांकडून मी पेन्शनची थकबाकी, मुलीचं लग्न, बांधावरची भांडणं, सगळं ऐकलं. लढाई मात्र एकानंही आपणहून सांगितली नाही. आपण तरी काय विचारतो? 'किती मारले?' यावर कोण बोलणार!

मनावरच्या या जखमेला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी अधिकृत नाव दिलं ते १९८० साली, व्हिएतनामनंतर. त्याच देशात २०१२ मध्ये डार्डन स्मिथ या गीतकारानं मेरी जड यांच्यासह एक उपक्रम सुरू केला. माजी सैनिक आणि गीतकार दोन-तीन दिवस एकत्र राहतात. सैनिक बोलतो, गीतकार ऐकतो आणि दोघं मिळून गाणं रचतात. सैनिकाला गाता यायलाच हवं असं नाही. मेरी गोशे या गायिकेनं सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसोबत रचलेली ११ गाणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. गाण्यानं जखम भरते असा माझा दावा नाही. ज्याला रात्र रात्र झोप नाही, त्याला डॉक्टरच हवा.

हे वाचताना मला आईचं जातं आठवलं. दोघी समोरासमोर बसत. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती पुरी करायची. सासुरवास, गेलेलं लेकरू, जे माणसाला सांगता येत नसे ते जात्याला सांगितलं जाई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून अशा लाखावर ओव्या जमा झाल्या आहेत. बाईला निदान ही सोय होती. पुरुषाला होतं भजन. पण अभंग संतांचा, त्यात स्वतःचं घालायला जागा नाही.

तशी जागा केलेली मी एकदाच पाहिली. १९९० च्या दशकात अहमदपूरकडच्या एका शाखेत आमचे गार्ड एक हवालदार होते. १९८७ ते ९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतले. तिथं आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. एकाहत्तरचं युद्ध आपल्याला आठवतं, पुढं कारगिलही लक्षात राहिलं. या मोहिमेतून आलेल्यांना मात्र गावात साधा नारळही कुणी दिला नाही.

भजनी मंडळाचे बुवा हवालदारांचे बालमित्र. एका एकादशीला भजन आटोपल्यावर ते म्हणाले, "संतांचं झालं. आता तुझं सांग लेका, मी चालीत बसवतो." हवालदार बराच वेळ गप्प. मग एक वाक्य आलं. त्यात एका सोबत्याचं नाव होतं. पेटीवाल्यानं ते गुणगुणून पाहिलं, पखवाजवाल्यानं एक शब्द सुचवला. असे तीन-चार गुरुवार गेले. लोह्याकडचे एक माजी नाईक ऐकून आले. तेही शांतिसेनेतलेच. दुसरं कडवं त्यांचं. मी मागं बसून असे. कादंबरीकार म्हणून केलेली माझी एकही सूचना तिथं घेतली गेली नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटच्या कडव्यात बुवांनी, तो सोबती हसत हसत मरणाला सामोरा गेला, असं घातलं होतं. आपल्या पोवाड्यांची सवय, दुसरं काय! हवालदारांनी टाळ खाली ठेवले.

"हसत नव्हता रे तो. पाणी मागत होता."

बुवांनी ओळ मोडली. नवी ओळ चालीत बसायला मध्यरात्र उलटली.

त्यानंतर हवालदार बोलके झाले, असं काही नाही. पण लोह्याचे नाईक दर महिन्याला पेन्शन काढली की एस.टी.नं आमच्या गावी येऊ लागले. दुपारी शाखेच्या दाराशी दोघं एका स्टुलावर चहाचे ग्लास ठेवून बसत.