वर्तुळ लंबगोल का दिसते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि पुष्कळ शाळांतले जुने संगणक अडगळीत जाऊ लागले. पेनड्राइव्हवरून चालणारे लाइव्ह लिनक्स हा त्यावर चांगला उपाय आहे. पण एक तक्रार हमखास ऐकू येते : पडदा ताणल्यासारखा दिसतो, अक्षरे धूसर येतात.

नेवासे तालुक्यातील घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका शाळेत पडद्यावरच्या वर्तुळाला आम्ही पट्टी लावली. उंची ९ सेंमी, रुंदी १२ सेंमी! भूमिती शिकवताना हे चालणार नाही. मॉनिटर १३६६×७६८ बिंदूंचा होता आणि लिनक्स १०२४×७६८ बिंदूंचेच चित्र पाठवत होते. १३६६ ला १०२४ ने भागून पाहा, पट्टीचेच उत्तर मिळेल.

लिनक्सने असे का करावे? प्रत्येक मॉनिटरमध्ये एक छोटी स्मृती असते. तिच्यातल्या किमान १२८ बाइट्समध्ये त्याचे 'ओळखपत्र' असते : आकार किती, कोणती चित्रे चालतात. ही पद्धत १९९४ पासूनची. व्हीजीए केबलमध्ये तांबडा, हिरवा व निळा रंग १, २, ३ क्रमांकांच्या पिनांतून जातो. ओळखपत्र मात्र १२ आणि १५ या पिनांतून येते. त्यांपैकी एक जरी तुटली, तरी चित्र दिसतच राहते, फक्त ओळख पटत नाही. मग लिनक्स १०२४×७६८ ही सुरक्षित निवड करते. (९ क्रमांकाची पिन पुष्कळदा मुळातच नसते. तिला दोष देऊ नये.)

जास्त बिंदू पाठवून का पाहत नाही? १०२४×७६८ साठी प्रत्यक्षात १३४४×८०६ बिंदूंइतका वेळ लागतो. जादा वेळ जुन्या काचनळीत इलेक्ट्रॉन-शलाका मागे फिरण्यासाठी होता. नळी गेली, हिशेब राहिला. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे सुमारे ६ कोटी ५० लाख बिंदू. न पेलणारा वेग आला, तर मॉनिटर काळा पडू शकतो.

तेव्हा आधी केबल बदलून पाहावी. आमच्या मते निम्मे काम तिथेच होते. नाही झाले, तर सुरुवातीच्या यादीत 'ई' कळ दाबावी. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, इंग्रजीत 'व्हिडिओ=व्हीजीए-१:१३६६x७६८@६०' असे सलग लिहावे व एफ-१० दाबावे. व्हीजीए-१ हे जोडणीचे नाव. काही यंत्रांवर ते वेगळे असते. लाइव्ह लिनक्स सहसा काहीच लक्षात ठेवत नाही, म्हणून ही ओळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावी.

पडदा सुरुवातीपासून पूर्ण काळाच राहिला, तर दुखणे बहुधा निराळे असते. चित्र-चालक नीट जुळत नाही. तिथे त्याच ओळीत 'नोमोडसेट' हा इंग्रजी शब्द घालतात. मग यंत्राने सुरुवातीला दिलेलेच चित्र कायम राहते. पडदा उजळतो, पण बिंदूंची संख्या नंतर बदलता येत नाही. म्हणून वर्तुळ ताणलेले असताना हा शब्द वापरू नये.